तोवर माझ्या नावानं ऐक

रफीक, तू गेल्याचं मंडळींना हवेवर मीच सांगितलं. आणि मी सांगत होतो तेव्हा सगळ्यांच्या हातातल्या रेडिओच्या, हँडीच्या पडद्यावर नाव उजळलं होतं ते तुझं.

मला बापड्याला काय ठाऊक! खोपोलीच्या कबरस्तानातून कडावला परत आलो होतो. हातपाय धुतले, कुंदानं चहा दिला तो प्यायलो, नेटची वेळ झाली म्हणून हँडी घेऊन ओट्यावर जाऊन उभा राहिलो. नेट म्हणजे आपली हॅम रेडिओवाल्यांची रोजची हजेरी. कर्जतपासून रसायनीपर्यंतची मंडळी ठरल्या वेळी आपापल्या सेटवर यायची, कॉलसाईन, म्हणजे लायसनवरचं आपापलं सांकेतिक नाव सांगायची, पाऊसपाणी बोलायची आणि जेवायला पळायची. कुणीतरी सांगायला तर हवंच होतं. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "मंडळी, आपला रफीक गेला. आज दुपारी दफन केलं."

बटण सोडलं. मग मेधाताईंचा आवाज आला, चाचरत, "कोण बोलतंय?"

मी भडकलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. एवढी बातमी सांगतोय आणि ह्या विचारतायत कोण बोलतंय! "सुरेश बोलतोय, कडाववरून. दुसरं कोण बोलणार?" असं जवळजवळ ओरडलोच. त्यावर मेधाताई म्हणाल्या, "सुरेशराव, अहो, स्क्रीनवर रफीकभाईंचं नाव येतंय." कर्जतच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी बाई, आपली रोजची नेट चालवणारी, सहसा गडबडत नाही. त्या दिवशी गडबडली. मी हातातला सेट उलटासुलटा करून पाहिला. त्यात काय दिसणार? बोलणाऱ्याचं नाव ऐकणाऱ्याकडं उमटतं, बोलणाऱ्याला दिसत नाही. हे तूच मला शंभरदा समजावलं होतंस आणि शंभरदा मी म्हटलं होतं, "बरं बरं."

त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही रे. खरं सांगतो. दुकानात स्टुलावर बसल्याबसल्या तू मान टाकलीस असा फोन आला तेव्हा मी गोठ्यातलं शेण भरत होतो. ते पुरं भरलं आणि मग निघालो. तुझ्याकडं पोचलो, खांदा दिला, कबरीत मूठभर माती टाकली. चूल पेटवायची नसते म्हणून तुझ्या शेजाऱ्यांनी जेवण आणलं होतं. बसवलं मला, तर पुलाव खाल्ला. वर पुन्हा मागून घेतला. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. चव मात्र चांगली होती, तू असतास तर म्हणाला असतास मीठ कमी आहे.

लोक म्हणतात, रडून घ्या, मोकळं वाटेल. आता रडू येत नाही त्याला मी काय करू?

तुझ्याकडं मी पहिल्यांदा आलो तो भांडायलाच. तेव्हा मी रसायनीच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो आणि तुझ्या दुकानातून नेलेला मिक्सर आठवड्यात जळला होता. मी तावातावानं पायरी चढलो, तर तू कानाला हेडफोन लावून आतल्या खोलीत बसलेला. एक बोट वर केलंस, थांब म्हणून. गिऱ्हाइकाला थांब! मी मिक्सर आपटणार तेवढ्यात समोरच्या रेडिओला लावलेल्या त्या हेडफोनमधून कुणीतरी इंग्रजीत बोललं, खरखरत, फार लांबून. तू गच्चीवर ताणलेल्या एका तारेच्या जिवावर कुठल्या कुठं बोलत होतास. हेडफोन काढून मला म्हणालास, "जपानचा होता रं. बोला, काय जळलं?"

मिक्सर परत करायला आलो आणि हॅमच्या लायसनच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन घरी गेलो. कुंदा अजून म्हणते, त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटावी लागली ती ह्या रफीकमुळं. मिक्सर तू बदलून दिलास, तेही सांगायला हवं. नाहीतर वर बसून कुरकुरशील.

मग आपलं एकच भांडण, दहा तोंडांचं. डिजिटल की साधा. 

इतकी वर्षं आपण साध्या सेटवर बोललो. खरखर यायची, माणूस दूर गेला की आवाज पातळ व्हायचा, शेवटी खरखरीत बुडायचा, पण कान दिला तर कळायचं काय म्हणतोय ते. मला तेवढं पुरे होतं. तुझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. नवीन पोरंपोरी परीक्षा पास होऊन येतात, त्यांना महागडे सेट परवडत नाहीत, तर परवडेल असा डिजिटल हँडी शोधून द्यायचा. झालं! पंखे नि इस्त्र्या विकायचं सोडून तू काउंटरवर सेट मांडायला लागलास. हा कुणाचा मागून आणलेला, तो कुणी कंटाळून टाकलेला, तिसरा कुठल्या तरी ऑनलाइन दुकानातून मागवलेला. गिऱ्हाईक ट्यूबलाइट मागायचं आणि तू त्याला अँटेना दाखवायचास. शमीमभाभी जिन्यावरून ओरडायची, "दुकान चालवताय की खेळण्यांचं प्रदर्शन मांडलंय?"

आता मला फोन येतात. परवाच एक मुलगी, नवीन लायसनवाली, खालापूरची, विचारत होती, "काका, पहिला डिजिटल हँडी कोणता घेऊ?" मी तोंड उघडलं आणि त्यातून तू बाहेर पडलास. म्हटलं, बाई गं, आधी आजूबाजूची मंडळी कुठल्या पद्धतीच्या डिजिटलवर आहेत ते बघ. ह्यांच्या तीन जाती आहेत आणि एका जातीचा सेट दुसरीशी बोलत नाही. जगात भारी सेट घेशील आणि आपल्या गावात मुकी बसशील. मग बघ, साध्यावर पण चालतो ना? दोन्हीवर चालला पाहिजे. बॅटरी इथं मिळते का? प्रोग्राम करायची वायर आणि सॉफ्टवेअर सोबत येतं का, की त्याच्यासाठी पुन्हा वणवण? अंगावर दिवे किती लागतात ते बघू नको, कान बघ त्याचा. स्वस्त सेटचा कान कच्चा असतो, शेजारी जोराचा सेट लागला की बहिरा होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कोणता वापरता?" म्हटलं, "सांगतो मागाहून."

एक गोष्ट मात्र तिला सांगायची राहिली. तुझी मुख्य अट. त्या सेटमध्ये नावं मावली पाहिजेत.

किती हसलो होतो मी तुला त्यावरून! डिजिटलमध्ये प्रत्येकाला एक नंबर मिळतो. बटण दाबलं की आवाजाबरोबर तो नंबर जातो, आणि ऐकणाऱ्याच्या सेटमध्ये त्या नंबरासमोर नाव साठवलेलं असलं तर पडद्यावर नाव येतं, नाहीतर नुसता आकडा. अगदी स्वस्त सेटमध्ये थोडीच नावं मावतात. मी म्हणायचो, मग मावू देत ना थोडी, आपण काय जग जोडायला निघालोय? तू हट्टाला पेटायचास. "आकडा दिसून काय करू रं? माणूस दिसला पायजे."

"आवाजावरून ओळखता येत नाही का माणूस?"

"डिजिटलमधी येत नाय ना पण! सगळ्यांचा आवाज एकाच गिरणीतून दळून येतो. तुझा नि त्या मेधाताईंचा पण सारखाच वाटेल."

"म्हणूनच म्हणतो, नको तुझं डिजिटल."

"म्हणूनच म्हणतो, नाव पायजे."

इथं यायचो आणि अडकायचो. वर्षानुवर्षं. भाभी चहा आणायची, आपण दोघं तो थंड करायचो.

आपली तपासायची रीत पण किती येडपट होती. तू खोपोलीत गच्चीवर, मी इकडं कडावला बांधावर, मधे डोंगराची सोंड. सेट हातात घेऊन चालत जायचं आणि कुठल्या जागी आवाज तुटतो ते बघायचं. बोलायला काही हवं म्हणून तू दुकानातला माल म्हणायचास, दरवेळी त्याच क्रमानं. "पंखा पांढरा, पंखा तपकिरी, इस्त्री साधी, इस्त्री वाफेची, मिक्सर..." मी बांधावरून चाललोय, शेतातली माणसं बघतायत, आणि माझ्या छातीशी एक माणूस इस्त्र्या मोजतोय. एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "सुरेश, दुकान टाकतोस काय रं?" साध्या सेटवर मिक्सरपर्यंत खरखर वाढत जायची. डिजिटलवर मात्र "इस्त्री वाफेची" टाकसाळीतून निघाल्यासारखं खणखणीत, आणि पुढचं पाऊल टाकलं की काहीच नाही. मिक्सर नाही, खरखर नाही, तू नाहीस.

मी तुला म्हटलं होतं, हेच मला नको आहे. साधा सेट माणूस चाललाय हे आधी सांगतो. आपण चार पावलं मागं येऊ शकतो. तुझा डिजिटल सांगत नाही, शेवटपर्यंत सगळं ठीकठाक, आणि मग एकदम बंद. तू म्हणालास, "शेवटपरेंत चांगलं ऐकू आलं ना? मग रडतोस कशाला?"

आणि गेलास कसा, तर तस्साच. आदल्या दिवशी फोनवर माझ्याशी अर्धा तास बॅटरीच्या चार्जरवरून वाद घातलास, ठणठणीत. छातीत दुखतंय म्हणाला असतास तर मी आलो असतो. घाम येतोय म्हणाला असतास तरी चाललं असतं. मला राग येतो रे तुझा. बाकी काही येत नाही, राग तेवढा येतो.

तर तो रविवार. तुझा शेवटचा, आता म्हणायचं. तू कडावला आलास ते नवा हँडी घेऊनच. तुझ्या नादानं सगळी मंडळी डिजिटलवर गेली होती, नेटसुद्धा तिकडं हलवली. मी एकटा साधा सेट घेऊन खरखर ऐकत बसायचो. गावात जेवणावळ आहे आणि आपल्यालाच बोलावणं नाही, असं ते वाटायचं. पण कबूल कोण करणार! मेधाताई फोन करून विचारायच्या, सुरेशराव कधी येताय? मी म्हणायचो, रफीकला आधी नीट सेट सापडू दे.

तुला सापडला होता. टेबलावर ठेवलास. काळा, आटोपशीर, वरती खरीखुरी आवाजाची गुंडी, बटणं मोठी, माझ्या जाड बोटांना जमतील अशी. दोन्हीवर चालणारा. नावं भरपूर मावतील असा. माझ्यासाठी वेगळा नंबरसुद्धा तू मला न विचारता काढून ठेवला होतास. इतकं सगळं बघून मी काय म्हटलं असेल? "ठेवायचा की परत द्यायचा, मी बघून ठरवीन."

लॅपटॉप काढलास, वायर लावलीस, तुझ्या सेटमधलं सगळं जसंच्या तसं माझ्या सेटमध्ये ओतलंस. चॅनेल, नावं, सगळं. मग एकच काम उरलं, तुझा नंबर पुसून तिथं माझा घालायचा. तू मला हाक मारलीस, "घालू काय रं तुझा नंबर?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाय." तू म्हटलंस, "मग माझाच राहू दे. पण बोलू नको हां ह्याच्यावर. तोवर माझ्या नावानं ऐक."

मग कुंदानं हाक मारली. कडव्या वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती. तुला बिरडं दिसलं की जगाचा विसर पडतो. लॅपटॉप मिटलास आणि पाटावर येऊन बसलास. जेवताना पण भांडलो, मी काय म्हणालो नि तू काय म्हणालास ते आता आठवत नाही. निघताना रिक्षात बसून तू ओरडलास, "पुढच्या रविवारी सांग काय ते!"

तुझ्या दफनाच्या संध्याकाळी मंडळी डिजिटलवर होती, आणि तिथवर पोचणारा माझ्याकडं तो एकच सेट होता. बोलू नको म्हणाला होतास हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी नंबर बदलायला हवा होता. काम केवढं, चहा निवायच्या आत होणारं. लॅपटॉप नि वायर दोन्ही तू माझ्याकडंच विसरून गेला होतास. मी बदलला नाही. संध्याकाळी पुन्हा नेटवर गेलो आणि पुन्हा तुझ्या नावानं बोललो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मंडळी काही म्हणाली नाहीत. त्यांच्या पडद्यावर रोज तू यायचास आणि त्यातून मी बोलायचो, भाताला खत टाकलं, गाय व्याली, पाऊस धरलाय. मग मेधाताईंनी फोन केला. फार जपून बोलल्या. "सुरेशराव, नव्या मुलांना कळत नाही हो. एकीनं विचारलं, रफीकसर तर गेले ना? आणि नियमातही बसत नाही ते. ज्याचा नंबर, त्यानंच वापरायचा."

मला नियम सांगतायत! मी म्हटलं, "वायर सापडत नाही." वायर समोर खुंटीला लटकत होती.

आणि मग तुझ्या नाझियाचा फोन आला. पोरगी शांत आहे रे, भाभीवर गेलीय. म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी बोललात ना, तेव्हा अब्बांचा सेट इथं फडताळात चार्जिंगला होता. चालूच होता. त्याच्यावर अब्बांचं नाव आलं. अम्मीनं बघितलं."

मी म्हटलं, "अरे देवा."

"तेव्हापासून रोज नेटच्या वेळेला अम्मी तो सेट समोर घेऊन बसते. तुम्ही बोललात की उठून जाते."

झालं. मला कारण सापडलं. एवढी वर्षं रेडिओला खेळणं म्हणणारी शमीमभाभी तुझ्या नावासाठी रोज बसते, तर ते नाव मी कसं पुसू? मेधाताईंना सांगितलं, बाईमाणसाचं मन आहे, थोडे दिवस जाऊ द्या. खरं म्हणजे भाभीच्या आडून मी माझंच ढकलत होतो. तुझं नाव काढायचं म्हणजे माझं घालायचं. आणि माझं घातलं की तो सेट माझा झाला, मी ठेवला, भांडण मिटलं. तू नसताना मिटलं. हे मला नको होतं. मला अजून भांडायचंय तुझ्याशी.

पण कुठवर? मेधाताईंचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी डोकं चालवलं. आणि अशी युक्ती काढली की तू असतास तर पाठ थोपटली असतीस. माझ्या सेटमध्ये माझा नंबर घालायचा, म्हणजे नियम सांभाळला. आणि तुमच्या घरातल्या तुझ्या सेटमध्ये, माझ्या नंबरासमोर, नाव साठवायचं रफीक. म्हणजे साऱ्या मुलखाच्या पडद्यावर सुरेश, आणि फक्त भाभीच्या पडद्यावर तू. कुणाचं काही बिघडत नाही. वायर पिशवीत टाकली, लॅपटॉप घेतला आणि खोपोली गाठली.

भाभी इद्दतीत आहे, नवऱ्यामागं पाळायच्या त्या दिवसांत परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. मी बाहेरच्या खोलीत बसलो, ती आत पडद्याआड, मधे दारात नाझिया. ज्या घरात मी हाक न मारता स्वयंपाकघरापर्यंत जायचो, तिथं पडद्याकडं बघून बोलणं मला जमेना. खाली बघून बोललो. नाझियाला सगळी युक्ती समजावली, म्हटलं, "अम्मीला विचार, चालेल ना असं?"

नाझिया काही बोलायच्या आत आतूनच आवाज आला. "भाऊ, माझंच ऐका."

तू गेल्यानंतर मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो.

"ह्यांचं नाव आलं ना, का मी हातातलं टाकून पुढं होते. दरवेळी. मला माहीत हाय काय होणार ते, तरी होते. लेकीला वाटतं अम्मीला बरं वाटतं. आणि मग आवाज येतो तुमचा. गाय व्याली म्हणून. खोटं कशाला बोलू, मला तुमचा राग येतो भाऊ. हे गेले आणि तुमचाच आवाज कशाला येतो म्हणून. तुमचा काय गुन्हा? काय नाय. पण येतो."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला.

"रोज मला ते पुन्हा कळतं. तुमच्याकडून. तुमी तुमचं नाव घाला. दोन्हीकडं. म्हणजे मला आधीच कळेल कोण हाय ते. मग बसल्या जागी ऐकीन तुमचं. गायीचं पण ऐकीन."

नाझिया रडत होती. मी नाही. मी वायर जोडली. तुझ्या सेटला हात लावायची वेळच आली नाही, माझ्या नंबरासमोर माझं नाव तू आधीच भरून ठेवलं होतंस. मी ठेवणार हे तुला माहीतच होतं, होय ना रे गाढवा? माझ्या सेटमधला तुझा नंबर पुसला. एक एक आकडा मागं खोडत गेलो. माझा घातला. वायर काढली.

नाझिया तुझा सेट आत घेऊन गेली. म्हणाली, "बोला काका, बघू येतंय का."

मी बटण दाबलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नुसतं कॉलसाईन म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी दाबून तसाच बसून राहिलो, अंगठा पांढरा पडेपर्यंत.

आतून भाभी म्हणाली, "नाव आलं भाऊ. आवाज नाय आला."

तेव्हा मला रडू आलं, रफीक. कबरस्तानात नाही, पुलाव खाताना नाही, तिथं, तुझ्या खोलीत, बटण दाबलेलं असताना. असा रडलो की सोडायचं भानच राहिलं नाही. नेटची वेळ होत आली होती, मंडळी ऐकत असणार, सगळ्यांच्या पडद्यावर माझं नाव असणार. इतके सेट आपण तपासले, पण त्यातून रडणं पलीकडं कसं ऐकू जातं ते कधी बघितलंच नव्हतं.